आठ गाठींचे पाणी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एक मडके आहात आणि तुमच्या तळाला एक भोक आहे. कोणी तुमच्यात पाणी ओतले, की ते बारीक धारेने गळून जाते. तुम्ही रिकामे झालात, की तो माणूस तुम्हाला पुन्हा भरतो. तुम्ही पुन्हा गळता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच चालते. आता डोळे उघडा आणि खरे सांगा, असले मडके तुम्ही घरात ठेवाल का? उकिरड्यावरच टाकाल. पण आमच्या ऐन सिद्रा नावाच्या गावात असल्या मडक्याशिवाय कोणाच्या झाडाला घोटभर पाणी मिळत नसे.

मी एक जुना गादूस आहे. गादूस म्हणजे पाण्याचा वेळ मोजणारे मडके. ट्युनिशियाच्या दक्षिणेला, जिथे खजुरांची शेवटची रांग संपते आणि वाळू सुरू होते, तिथे आमचा झरा आहे. झरा एक आणि बागा पुष्कळ. म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आमच्या गल्लीत एका पाटावर नऊ बागा होत्या. दर आठव्या दिवशी सूर्य उगवला की पाणी आमच्या पाटात येई आणि सूर्य मावळला की ते पलीकडच्या गल्लीकडे वळे. मग कोणाची बाग भिजली आहे, कोणाची कोरडी आहे, हे कोणी पाहत नसे.

पाटाच्या तोंडाशी एक वाकडे खजुराचे झाड होते. त्याच्या बुंध्याला मी टांगलेला असे. पहिल्या बागेचा बांध फोडला, की पाटकरी मला काठोकाठ भरी. मी एकदा रिकामा झालो की तो खजुराच्या हिरव्या पात्याला एक गाठ मारी. कोणाच्या वाट्याला वीस गाठी, कोणाच्या वाट्याला बारा. गाठी पुऱ्या झाल्या की तो ओरडे, "बंद!" मग ती बाग बंद होई आणि खालची उघडे. गाठींचे ते पाते मालकाच्या हातात जाई. तुमचे पाणी तुम्हाला मिळाले याची तेवढी एकच खूण. गावात घड्याळही होते, नाही असे नाही. ते पोस्टाच्या भिंतीवर होते आणि कायम साडेचार वाजलेले दाखवी.

माझा जन्म एकट्याचा नाही. कुंभाराने एकाच मातीच्या गोळ्यातून दोन मडकी घडवली आणि एकाच काट्याने दोघांच्या तळाला भोके पाडली. भट्टीतून निघाल्यावर आम्हाला शेजारी शेजारी टांगले आणि एकाच वेळी भरले. नऊही मालक समोर मांडी घालून बसले होते. पहिल्यांदा माझा भाऊ आधी रिकामा झाला. कुंभाराने माझ्या भोकात खडबडीत काटा हलकेच फिरवला. पुन्हा भरले. असे तीनदा केल्यावर आमचे शेवटचे थेंब बरोबर पडले, तेव्हा कुठे लोक उठले. मला पाटावर नेले. भावाला पीराच्या दर्ग्यातल्या कोनाड्यात ठेवले. तो साक्षीदार. दर वर्षी उन्हाळा लागण्यापूर्वी त्याला बाहेर काढायचे आणि आम्हा दोघांना पुन्हा जुळवून पाहायचे, असा रिवाज होता.

आणखी एक नियम होता आणि तो फार कडक होता. माझ्या तळाच्या भोकाला कोणी बोट लावायचे नाही. पूर्वी कधी तरी कोणी भामट्याने दुसऱ्याच्या पाळीच्या वेळी गादूसाचे भोक कोरून मोठे केले होते म्हणे. तेव्हापासून ठरले, की जो भोकाला हात लावील त्याचे पाणी एक हंगाम बंद. हा नियम आमचे पाटकरी तिजानीकाका डोळ्यांत तेल घालून पाळीत. मी त्यांच्या इतका सचोटीचा माणूस पाहिला नाही. पाण्याच्या दिवशी ते कोणाच्या बागेतला पडलेला खजूरसुद्धा उचलत नसत. मला धुवायचे तर फक्त बाहेरून, ओल्या फडक्याने, बाळाचे तोंड पुसावे तसे. तळाकडे फडके जातच नसे.

लोक माझी शपथ घेत. "गादूस खोटं बोलेल, पण मी नाही," असे कोणी म्हटले की समोरचा हसून म्हणे, "म्हणजे तू खोटाच!" मला याचा अभिमान वाटे. वाटू नये का?

पण एका हिवाळ्यात अवेळी पाऊस झाला आणि दर्ग्याची मागची भिंत कोसळली. त्या वर्षी आम्हाला जुळवायचे राहिले. पुढच्या वर्षी भिंत बांधली, तेव्हा कोनाडा रिकामा होता. कोणी म्हणाले, फुटला असेल ढिगाऱ्याखाली. कुंभार वारला होता. "बघू पुढच्या वर्षी," असे म्हणत म्हणत बारा वर्षे गेली.

मित्रांनो, आमच्या झऱ्याचे पाणी गोड आहे, पण त्यात दगड विरघळलेला असतो. तो दिसत नाही. तो हळूहळू बसतो. माझ्या भोकाच्या कडेला क्षाराचे एक पांढरे कडे धरू लागले. आधी केसाएवढे, मग दोऱ्याएवढे. मला ते जाणवत होते. दर घटकेला मी थोडा, अगदी थोडा उशिरा रिकामा होत होतो. मी वेळेला चुकत होतो आणि माझ्या खाली बसून तिजानीकाका माझ्या नावाने न्याय करीत होते. मडक्याला तोंड असते, पण बोलता येत नाही.

तक्रार कोणी केली नाही, कारण तक्रार करायला कोणी नव्हते. नववी बाग, पाटाच्या अगदी शेपटाची, ओसाड पडली होती. म्हातारा मालक गेला आणि त्याचा एकुलता मुलगा लाझर डोंगरातल्या फॉस्फेटच्या खाणीत कामाला होता. माझ्यामुळे वरच्या आठ बागांच्या पाळ्या लांबत गेल्या. सूर्य मावळेपर्यंत नवव्या बागेसाठी काय उरते, हे पाहायला तिथे माणूसच नव्हते.

मग एका वसंतात लाझर परत आला. बरोबर त्याची बायको वसीला, नऊ वर्षांची मुलगी यमीना, एक गाढव आणि एक कुदळ. लाझरच्या खांद्याला खाणीतली जाड कापडाची पिशवी होती आणि छातीत खाणीतला खोकला. त्याने ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "दोन उन्हाळे. दोन उन्हाळ्यांत झाडांनी जीव धरला, तर मी इथला. नाही तर ही पिशवी आणि मी, दोघंही परत."

यमीनाने त्या पिशवीकडे पाहिले.

हे मी पाहिलेले नाही. मला नंतर ज्याने सांगितले तो थोड्याच दिवसांत त्या दाराशी आला आणि त्याने ते तिथे ऐकले. तो कोण, ते लवकरच कळेल.

बागेत अकरा म्हातारी खजुराची झाडे होती आणि त्यांच्या सावलीत नुसती भेगाळलेली जमीन. आमच्याकडे वर खजूर, त्याच्या सावलीत फळझाडे आणि फळझाडांच्या पायाशी भाजी, अशी बाग असली तरच तिला बाग म्हणतात. तिघांनी खड्डे खणले. दोन जर्दाळू लावले, तीन डाळिंबे लावली, आळी केली. तिजानीकाकांच्या बायकोने, मन्नूबियाकाकूंनी, शेजारधर्म म्हणून अंजिराची एक मुळे धरलेली फांदी मडक्यातून आणून दिली आणि यमीनाच्या हातात ठेवली.

"ही तुझी. जमिनीत मात्र लगेच लावू नकोस. आधी पाणी पुरतंय का बघ. अंजिराला उपाशी ठेवलं तर ते रुसतं आणि मग तुझ्या नातवंडांशीसुद्धा बोलत नाही."

म्हणून अंजीर दाराशी, मडक्यातच राहिले. भांडी विसळलेले पाणी त्याला मिळे.

नवव्या बागेचा वाटा आठ गाठींचा. पहिल्या उन्हाळ्यात लाझरच्या हातात आले ते चार गाठींचे पाते. पुढच्या पाळीला पुन्हा चार. मग तीन. सूर्य मावळला की तिजानीकाका माझ्यातले उरलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतीत आणि म्हणत, "दिवस संपला, लाझर. मी सूर्याला धरून ठेवू शकत नाही."

झाडे त्या वर्षी कशीबशी तगली. वसीला पहाटे झऱ्यावरून घागरी आणी आणि आळ्यात ओती. पण पाच झाडे घागरीवर किती दिवस जगणार? दुसऱ्या उन्हाळ्यात तीन गाठी आल्या, मग दोन. जर्दाळूची पाने कडेने करपली. एका पाळीला हातात एकच गाठ आली, तेव्हा लाझरचा तोल गेला. तो पाटाची वाट तुडवीत वर आला.

"काका, एक गाठ? एका गाठीत मी काय करू, नमाजाआधीची वजू करू? वर कोण पितंय माझं पाणी?"

पहिल्या बागेचे मालक, हजयात्रा करून आलेले हाज मख्लूफ, तिथेच होते. गल्लीतली सगळ्यांत दाट बाग त्यांची. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? माझ्या वीस गाठी. विसावी पडली की मी स्वतः बांध घालतो. खाणीत जाऊन तू जमिनीखालचं बघायला शिकलास, इथं जमिनीवर काय चाललंय ते नीट बघ."

"तेच बघतोय. तुमच्या कलिंगडांना पोटं सुटलीत."

"आणि तुझ्या जिभेला!"

तिजानीकाका उठले. "लाझर, मख्लूफला काय म्हणायचं ते म्हण. पण पाळी मी मोजतो. म्हणजे चोर मीच झालो. तुझ्या बापाच्या पाळ्या मी मोजल्यात. त्यानं कधी गाठी पुन्हा मोजून घेतल्या नाहीत."

लाझर खाली मान घालून परत गेला. त्या दिवशी त्याने खुंटीवरची पिशवी काढली, झटकली, तिचा तुटलेला पट्टा शिवला आणि पुन्हा अडकवली. यमीनाला सगळे समजले.

आता यमीनाविषयी सांगायला हवे. पाण्याच्या दिवशी पाळीची वाट पाहत ती माझ्या खाली बसून राही. बसून कंटाळली की ती एक खेळ खेळे. मी भरलो की ती निघे, पाटाच्या कडेने आपल्या बागेपर्यंत जाई, दाराला हात लावी आणि परत येई. पहिल्या उन्हाळ्यात ती परत पोचे तेव्हा माझा शेवटचा थेंब पडत असे. दुसऱ्या उन्हाळ्यात ती परत येई, ओढणी सोडून पुन्हा बांधी, पायातला खडा काढी, तरी माझी धार चालूच.

"काका, गादूस हळू झालाय," ती एकदा म्हणाली.

हाज मख्लूफ खो खो हसले. "गादूस हळू नाही झाला, तुझे पाय लांब झालेत! वर्षात केवढी वाढलीस बघ. पुढच्या वर्षी तू इथनं निघायच्या आधीच परत पोचशील."

सगळे हसले. यमीनालाही ते पटले, कारण पाय खरेच लांब झाले होते. आईने झग्याची दुमड उसवून दिली होती.

मग चहाच्या किटलीची गोष्ट घडली. वसीला चहा ओतत होती आणि किटलीच्या चोचीतून धार पडेना. "झालं, पुन्हा बसला थर," असे म्हणत तिने खजुराचा काटा घेतला आणि चोचीत फिरवला. पांढरी पापुद्री गळून पडली. पुढचा पेला चटकन भरला.

यमीना त्या पापुद्रीकडे बघत राहिली. "आई, हा थर कशाचा?"

"पाण्याचा. आपल्या झऱ्याच्या पाण्यात असतोच. महिन्यातनं एकदा काटा घातला नाही, तर किटली उपाशी मारील."

"आणि गादूसाला कोण काटा घालतं?"

लाझरने पेला खाली ठेवला. "यमीना, हे बाहेर बोलू नकोस. आधीच मी त्यांना चोर म्हणून बसलोय. आता म्हणतील, लाझरला गादूसाचं भोक कोरायचंय. आहे ती एक गाठसुद्धा जाईल."

मित्रांनो, तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? काटा घेऊन चोरून माझ्याजवळ येणे काही अवघड नव्हते. मी काही पहाऱ्यात नसे. पण तिला ठाऊक होते, की चोरून केलेले खरे कामही चोरीच ठरते. तिने वेगळे केले. घरच्या भिंतीवर तिने दोन उन्हाळ्यांची सगळी पाती ओळीने टोचून ठेवली होती. ती काढली, ओढणीत बांधली आणि पुढच्या पाळीच्या दिवशी तिजानीकाकांपुढे एकेक करून मांडली. वाळलेली, पिवळी पाती. चार, चार, तीन. तीन, दोन, एक.

"काका, या गाठी कोणी मारल्या?"

"मीच. माझी गाठ मी ओळखतो."

"मग तुम्ही चोर नाही आणि हाजही नाहीत. ते वीस गाठींवरच बंद करतात, मी बसून बघितलंय. मग माझ्या गाठी कमी कशा होतात? आमच्या किटलीची चोच भरते, तशी गादूसाचीही भरत असेल." आणि ती घाईघाईने म्हणाली, "मी बोट नाही लावलं. नुसतं विचारतेय."

तिजानीकाकांनी एकेक पाते उचलून गाठींवरून अंगठा फिरवला. या वेळी कोणी हसले नाही. मग ते म्हणाले, "साक्षीदार असता तर आत्ता जुळवून बघितलं असतं. पण तो भिंतीखाली गेला."

तेवढ्यात मन्नूबियाकाकू नवऱ्याची भाकरी घेऊन आल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली. "कोण भिंतीखाली गेला?"

"गादूसाचा भाऊ. दर्ग्यातला."

"तो? तो कुठला जातोय! ढिगाऱ्यातनं मीच काढला. चांगला धड होता. बारा वर्षं माझ्याकडे होता."

"तुझ्याकडे? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? गावभर विचारलंत, बायकोला सोडून. मला वाटलं, कुठलं तरी टाकलेलं मडकं. तळाला भोक. भोकाच्या मडक्यात दुसरं काय करतात? रोपं लावते मी त्यात."

"आता कुठाय?"

काकूंनी यमीनाकडे पाहिले. यमीना उठून उभी राहिली होती.

अशा रीतीने मला माझ्या भावाचा ठावठिकाणा कळला. तो लाझरच्या दाराशी होता आणि त्याच्या पोटात अंजीर होते.

संध्याकाळी सगळे तिथे जमले. बागेतली पाचही झाडे मलूल होती. एकटे अंजीरच हिरवेगार होते. भांड्यांच्या पाण्यावर दोन उन्हाळे पोसलेले, यमीनाच्या खांद्याला लागेल एवढे. त्याची मुळे मडक्यात गच्च भरली होती आणि एक जाड मूळ तळाच्या भोकातून बाहेर पडून जमिनीत शिरले होते.

लाझर म्हणाला, "मडकं फोडू या. मुळं न दुखावता झाड निघेल. मडकं काय, दुसरं करून घेता येईल."

"दुसरं मडकं होईल," तिजानीकाका म्हणाले, "साक्षीदार नाही होणार."

म्हणजे मडके फोडले तर झाड वाचणार आणि मडके वाचवले तर ऐन उन्हाळ्यात झाडाची मुळे तोडावी लागणार. सगळे यमीनाकडे बघू लागले. झाड तिचे होते.

तिने मन्नूबियाकाकूंना विचारले, "मेलं तर?"

काकूंनी खोटा धीर दिला नाही. "मेलं तर माझ्या झाडाची दुसरी फांदी देईन. मरणार नाही असं मात्र मी म्हणत नाही."

यमीनाने आईकडून सुरी घेतली. तळाचे मूळ तिने स्वतः कापले. लाझरने मडके आडवे धरले, काकूंनी कडेने पाणी सोडले, आणि यमीनाने खोड धरून ओढले. मुळे तुटल्याचा आवाज माझ्या भावाने आतून ऐकला. तो म्हणतो, तसा आवाज त्याने पुन्हा कधी ऐकला नाही. अंजीर बाहेर आले. आळे केलेलेच होते. त्यात ते लावले आणि झाकायला वर खजुराची झावळी रोवली. रात्र पडेपर्यंत त्याची पाने खाली लोंबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्ग्याच्या अंगणात आम्हा दोघा भावांना टांगले. तेरा वर्षांहून अधिक काळाने मी त्याला पाहत होतो. त्याच्या अंगाला मातीचा वास येत होता. नऊही मालक बसले. दोघांना एकदम भरले.

भाऊ रिकामा झाला. माझी धार चालू होती, पण थोडाच वेळ. पाचसहा श्वासांत मीही थांबलो.

"एवढंच?" हाज मख्लूफ म्हणाले. "एवढ्यासाठी पोरीचं झाड उपटलंत?"

यमीनाचे तोंड उतरले. पण तिजानीकाका म्हणाले, "एका गाठीवर दिवस मोजत नाहीत. भरत राहा." भाऊ रिकामा झाला की त्याला भरायचे, मी रिकामा झालो की मला भरायचे, कोणी कोणासाठी थांबायचे नाही. दोन पात्यांना दोन माणसे गाठी मारीत होती. ऊन चढले. मी मागे पडत गेलो. मित्रांनो, मला लाज वाटत होती आणि मोकळेही वाटत होते. भावाच्या पात्याला तेरावी गाठ बसली, तेव्हा माझ्या पात्याला बारावी बसत होती.

लाझर बोटांवर हिशेब करीत होता. वरच्या आठ बागांच्या मिळून सत्त्याण्णव गाठी. दर बारा गाठींमागे एक जास्तीची. "सत्त्याण्णवात आठ," तो हळूच म्हणाला. "बरोबर आमच्या आठ."

हाज मख्लूफ उठले. सगळ्यांना वाटले, आता भांडणार. ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याचं पाणी पीत होतो, आणि वर त्यालाच शिकवत होतो." मग लाझरकडे वळून, "कलिंगडांचं मात्र खरं बोललास. त्यातली दोन घेऊन जा." आणि तिजानीकाकांना म्हणाले, "काढ त्या आळशाला. त्याच्या भावाला लटकव."

आळशी म्हणजे मी. मला राग आला नाही.

तिजानीकाकांनी मला उतरवून मांडीवर उपडे घेतले. ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांना ते कडं दिसत नाही. हात लावायचा नाही म्हणून बघायचंही सोडून दिलं मी. ये पोरी, तुला दिसतं. नऊ जण बघत असताना लावलेलं बोट चोरी नसतं." त्यांनी तिच्या हातात काटा दिला. यमीनाने तो माझ्या भोकात हलकेच फिरवला. पांढरे कडे कणाकणाने तिच्या तळहातावर पडले. भरले, पाहिले. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा आम्हा भावांचे शेवटचे थेंब बरोबर पडले.

पाटावर भाऊ गेला. मी साक्षीदार झालो. मला कुठे ठेवायचे, यावर तिजानीकाका म्हणाले, "दर्ग्यात नको. जिथं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, तिथं राहू दे." म्हणून मी लाझरच्या दाराशी आलो, आणि त्यानंतर दर वर्षी उन्हाळा लागण्यापूर्वी आम्ही दोघे भेटत राहिलो. पुढे गावात विजेचा पंप आला, लोखंडी नळ आले, आणि भावाला व मला दोघांनाही काम उरले नाही. एका वादळात तो पडून फुटला. मी अजून इथेच टांगलेला आहे. कोळी माझ्यात जाळे विणतात, मुले चेंडू मारतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. एकच सांगावेसे वाटते. तुमच्या घरात एखादी विश्वासाची वस्तू असेल, तर तिला नुसते जपून ठेवू नका. अधूनमधून खाली घ्या, उलटी करून बघा, तिला विचारा, की बाई, तू अजून खरे बोलतेस ना? मला कोणी हात लावला नाही, ते प्रेमानेच. पण त्या प्रेमाने पाच झाडे मरायला टेकली होती.

ती मेली का, हे तुम्हाला विचारायचे असेल. ती परीक्षा झाल्यावर सातव्या दिवशी पाळी आली. सूर्य मावळायला थोडा अवकाश असताना वरून हाक आली, "नववी, उघड!" यमीनाने बांध फोडला. पाणी जर्दाळूच्या आळ्यात शिरले, भरले, डाळिंबांकडे गेले, आणि शेवटी अंजिराच्या आळ्यात येऊन थांबले. अंजिराला एकही पान उरले नव्हते. नुसती काठी उभी होती. यमीनाने नखाने तिची साल किंचित खरवडली. आत हिरवे होते.

तिजानीकाका पाते घेऊन स्वतः खाली आले. लाझरने या वेळी गाठी मोजल्या नाहीत. यमीनाने मोजल्या. आठ.

ती घरात गेली. मी दारातच होतो, म्हणून मला सगळे दिसले. तिने खुंटीवरची खाणीची पिशवी काढली, गोठ्यात नेली, खत भरभरून तिच्यात कोंबले आणि दोन्ही हातांनी ओढत ती अंजिराच्या आळ्यापर्यंत घेऊन गेली. नवा शिवलेला पट्टा मातीतून फरपटत होता.

लाझर कुदळीवर रेलून बघत होता. वसीला त्याच्याकडे बघत होती. तो खोकला, आणि मग म्हणाला, "ताजं नाही ना घेतलंस? ताजं मुळांना जाळतं. जुनं, कुजलेलं लागतं."

यमीनाने पिशवीत हात घातला, मूठभर काढून हुंगले आणि मान डोलावली. मग तिने पिशवी उलटी केली आणि कोपऱ्यांत अडकलेले खतही झटकून टाकले.